एका कान्याचं अंतर

वैजयंता ढोले, मूळची अकलूजची, हल्ली हल.
हंबरवरून धुकं आलेलं,
वृद्धाश्रमाच्या मागच्या खोलीत हीटर टिकटिकत होता.
इंग्रजी येतं तिला. पण त्या सकाळी म्हणाली,
"भाऊ, आज जीभ कामावर आलेली नाही."
म्हणून मी. तासाला बावीस पौंड, पार्किंग वेगळं.

टेबलापलीकडे मिसेस हॅदरसेज, वही, पाण्याचा जग.
त्या रात्री नेमकं काय झालं?
"त्यांना चक्कर आली," वैजयंता म्हणाली.
"ते माझ्या हातून पडले."

आता हे पलीकडे न्यायचं.
पण इंग्रजीच्या दारात एक शिपाई बसलेला असतो,
येईल त्या वाक्याला अडवतो: कोणी केलं?
कर्ता दाखव, मग आत जा.
आमच्याकडे भूक लागते, ठेच लागते,
राग येतो, रडू येतं, उमगतं, विसरायला होतं,
आपण नुसते चतुर्थीत उभे
उपास नसताना,
जे येईल ते अंगावर घेत.

पडले. पाडले.
एका कान्याचं अंतर.
शाळेत काना विसरला तर अर्धा मार्क जायचा.
इथे व्हिसा जातो.

मी नेलं जमेल तसं, हात धरून.
मिसेस हॅदरसेजचं पेन थांबलं.
दुभाष्यानं आपला 'मी' घरी ठेवून यायचा असतो,
समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'.
तेव्हा मी, मिशीसकट, म्हणालो,
"मी स्पष्टच विचारते, तुम्ही त्यांना पाडलंत का?"
'विचारते' ऐकून वैजयंता हसली.
त्या सकाळी एकदाच.

मग म्हणाली,
"मी सोडलं नाही त्यांना. ते सुटले."

सोडणं, सुटणं, निसटणं, गळणं,
तिकडे सगळ्यांना मिळून एक शब्द,
आणि त्या शब्दाला हात असतोच.
तिच्या दोन वाक्यांना मला सहा लागली,
वहीत उतरलं एक.

आणि ते 'ते'.
दीड वर्ष तिनं त्यांना 'ते' म्हटलं,
अंघोळ घालताना, कवळी धुताना,
त्यांच्या शिव्या खाताना.
माझ्या तोंडून ते फक्त 'तो' झाले.
आदर बाहेर काढून ठेवला मी चपलांसारखा,
परत निघताना सापडला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं.
मोडणं बरं. आपोआप मोडलं काय, कोणी मोडलं काय,
शब्द हूं की चूं करत नाही.

बाहेर बसस्टॉपवर तिनं विचारलं, निकाल कधी?
"परवा," मी म्हणालो.
ती जरा गप्प झाली. पडले तेही परवाच.
आमच्या परवाला पाठपोट नसतं,
क्रियापद येईपर्यंत कळत नाही
दिवस गेलाय की यायचाय.

"आपण सुटू ना, भाऊ?"

सुटू. तेच क्रियापद, खोलीतून सोबत आलेलं.
आणि आम्ही नाही म्हणाली ती. आपण.
इंग्रजीतल्या आम्हीला कुंपण नसतं,
आत कोण, बाहेर कोण, ज्याचं त्यानं ठरवावं.
हे तीन अक्षरी आपण दंडाला धरतं.
मी तर सकाळीच सही करून दिलेली,
की मी कोणाच्याच बाजूचा नाही.

"बघू," म्हणालो.
कोण बघणार, ते न सांगता.
बस आली. कार्ड टेकवलं तिनं, मागे वळली नाही.

घरी येऊन बिल भरलं.
अडीच तास. पार्किंग चार पौंड साठ.
खाली एक रकाना असतो: पक्षकाराशी काही नातं?
तिथे मी नेहमी 'नाही' लिहितो.
तो कोरा राहिला.
मी ठेवला नाही.
राहिला.